खालच्या अंगाचा शेजारी

आंघोळीच्या वेळी तांब्यातल्या पाण्यात गंगा, यमुना, गोदावरी यांचे स्मरण करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. नळाला आलेले पाणी कोणत्या धरणाचे, कोणत्या विहिरीचे, याची चौकशी न करता आपण त्यात पवित्र नद्या पाहतो. ही भावना सुंदर आहे. पण पाच मिनिटांनी तेच पाणी मोरीतून बाहेर पडते, तेव्हा आपण त्याला काय म्हणतो? काहीच म्हणत नाही. ते 'गेले' एवढेच आपल्याला ठाऊक असते. तांब्यात असताना जी गंगा होती, ती गटारात पोचताच कोणाचीच राहत नाही.

या लेखात एक साधा प्रश्न विचारायचा आहे. जे पाणी आपल्या घरातून गेले, त्याच्याशी आपले नाते संपले का? आणि संपले नसेल, तर ते पाणी ज्याच्या दारी जाते त्याचे आपण कोण लागतो?

प्रश्न सांडपाण्याचा आहे, म्हणून तो अभियंत्यांनी आणि नगरपरिषदेने पाहावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येते की हा धर्माचाही प्रश्न आहे. जो समोर दिसतो, ज्याच्याशी उद्या गाठ पडणार आहे, त्याच्याशी चांगले वागण्यात थोडा तरी स्वार्थ मिसळलेला असतो. नदीच्या खालच्या अंगाला राहणारा माणूस मात्र आपल्याला कधी दिसत नाही. तो आपले नाव जाणत नाही, आपल्याला जाब विचारू शकत नाही, आपले आभारही मानू शकत नाही. त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपल्या मनातली आत्मीयता किती खरी आहे ते कळते.

एका नदीची गोष्ट

पंजाबातील कपूरथळा जिल्ह्यात सुलतानपूर लोधी नावाचे एक लहान शहर आहे. गुरू नानकदेवांनी तारुण्यातली काही वर्षे येथे काढली. नवाब दौलतखान लोधीच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारात, ते काम करीत. गावाजवळून वाहणाऱ्या काली बेईं या नदीवर ते स्नानाला जात. शीख परंपरा सांगते की एके दिवशी ते या नदीत उतरले आणि तीन दिवसांनी बाहेर आले, ते ईश्वरी साक्षात्कार घेऊनच. त्यानंतर ते लोकांना उपदेश करीत देशोदेशी फिरले.

मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. परंपरेनुसार संत नामदेवांनी आयुष्याची अनेक वर्षे पंजाबात घालवली. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले होते, ते अनेकांना आठवत असेल.

काली बेईं होशियारपूर जिल्ह्यात उगम पावते आणि सुमारे 160 किलोमीटर वाहून हरिके येथे बियास आणि सतलज यांच्या संगमाला मिळते. विसावे शतक संपता संपता या नदीचा नाला झाला होता. काठावरच्या गावांचे आणि शहरांचे मैलापाणी तिच्यात सोडले जात होते. जलपर्णीने पात्र झाकून टाकले होते. काही ठिकाणी पात्र कोरडे पडले होते आणि त्यावर अतिक्रमणे झाली होती. यात्रेकरू मात्र येतच होते. गुरुद्वाऱ्यात माथा टेकत होते आणि परत जात होते. म्हणजे श्रद्धा कमी झाली होती असे म्हणता येणार नाही. श्रद्धा होती, आणि तिच्या शेजारूनच घाण वाहत होती. दोन्ही एकाच वेळी शक्य आहेत, ही यातली विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

2000 सालच्या जुलैमध्ये संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी नदी स्वच्छ करण्यासाठी कारसेवा सुरू केली. शीख परंपरेत गुरुद्वारा बांधणे, सरोवरातला गाळ काढणे ही कामे भाविक स्वतःच्या हातांनी करतात, तिला कारसेवा म्हणतात. सीचेवाल यांनी तीच कारसेवा नदीसाठी मागितली. ते स्वतः पाण्यात उतरले. लोकांनी हातांनी जलपर्णी उपसली, गाळ काढला, काठावर रस्ते आणि घाट बांधले. वरच्या अंगाने कालव्याचे पाणी नदीत सोडले गेले आणि प्रवाह पुन्हा वाहू लागला. 2006 साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे काम पाहण्यासाठी सुलतानपूर लोधीला आले होते. 2017 साली सीचेवाल यांना पद्मश्री मिळाली.

परंतु या कामातला खरा धडा गाळ उपसण्यात नाही. गाळ उपसून नदी स्वच्छ होते, पण नाले तसेच राहिले तर काही महिन्यांत ती पुन्हा पहिल्यासारखी होते. म्हणून त्यांनी काठावरच्या गावांच्या सांडपाण्याला हात घातला. गावाचे पाणी आधी जाळीतून, मग एकामागून एक अशा टाक्यांतून नेले जाते. त्यांत जड घाण तळाशी बसते, तेलकट आणि तरंगणारा भाग वेगळा होतो. पुढे ते पाणी तळ्यात काही दिवस उन्हा-वाऱ्यात राहते आणि शेवटी जमिनीखालच्या पाइपांतून शेताला जाते. पंजाबात भातशेतीसाठी जमिनीतले पाणी बेसुमार उपसले गेले आहे. तिथे हे पाणी शेताला मिळाले की तेवढा उपसा वाचतो, आणि पाण्यातले नत्र, स्फुरद पिकाच्या कामी येते. नदीत जे विष ठरत होते, ते शेतात अन्न झाले. 'सीचेवाल मॉडेल' या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

पाण्यात नेमके काय बिघडते

पुढचा विचार नीट करायचा तर थोडे विज्ञान समजून घेतले पाहिजे. सांडपाण्यात नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या थोड्याशा भागात मैला, अन्नाचे कण, साबण, तेल आणि असंख्य जंतू असतात. ही घाण नदीत गेली की पाण्यातले सूक्ष्मजीव ती खाऊ लागतात. निसर्गाची ही व्यवस्था उत्तम आहे, पण हे खाताना सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. नदीच्या चांगल्या पाण्यात लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. घाण थोडी असेल तर नदी वाहता वाहता ती तूट भरून काढते. घाण फार झाली की प्राणवायू संपतो, मासे गुदमरून मरतात, पाणी काळे पडते आणि त्याला वास येतो.

ही घाण मोजण्याचे एक माप आहे, त्याला बीओडी म्हणतात. ती खाऊन संपवायला सूक्ष्मजीवांना किती प्राणवायू लागेल, हे त्यावरून कळते. आपल्याकडे नदीचे पाणी स्नानाला योग्य ठरण्यासाठी हे माप लिटरला 3 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावे लागते. घरगुती मैलापाण्यात ते 200 ते 300 पर्यंत असते. वीस हजार वस्तीचे एखादे गाव धरू. माणशी रोज 135 लिटर पाणीपुरवठा आणि त्यातले ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होते असा सरकारी हिशेब आहे. म्हणजे एवढ्याशा गावातून रोज एकवीस लाख लिटरांहून अधिक मैलापाणी बाहेर पडते. पावसाळ्यात नदीला पूर असतो तेव्हा ते कळत नाही. एप्रिल-मेमध्ये नदीत दुसरे पाणीच नसते, तेव्हा नदी म्हणून जे वाहते ते हेच असते.

प्रत्येक गाव कोणाच्या तरी खाली आहे

सुलतानपूर लोधीच्या वरच्या अंगाला, याच नदीवर, कपूरथळा शहराजवळ कांजलीचे पाणथळ आहे. 2002 साली त्याचा रामसर यादीत समावेश झाला. खालच्या अंगाला हरिकेचे विस्तीर्ण पाणथळ आहे, ते 1990 पासून रामसर यादीत आहे. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे हजारो पक्षी उतरतात. बियासच्या पाण्यात सिंधू नदीचे दुर्मिळ डॉल्फिन आहेत. हरिकेच्या बंधाऱ्यावरून निघालेले पाणी इंदिरा गांधी कालव्यातून राजस्थानात जाते आणि बिकानेर, जैसलमेरच्या वाळवंटातली माणसे ते पितात.

आता हा धागा पुन्हा एकदा उलट पाहा. वाळवंटातल्या एखाद्या घरात माठात पाणी भरले जाते. त्या माठाचे एक टोक शेकडो किलोमीटर दूर, कपूरथळ्याच्या आणि सुलतानपूर लोधीच्या मोऱ्यांपर्यंत पोचते. 2018 सालच्या मे महिन्यात बियास नदीत साखर कारखान्याची मळी मिसळली आणि असंख्य मासे मेले. तेव्हा राजस्थानच्या कालव्यांपर्यंत घबराट पसरली होती. ज्यांनी ती नदी कधी पाहिलीही नव्हती, त्यांच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला.

सुलतानपूर लोधी कपूरथळ्याच्या खाली आहे, राजस्थान त्या दोघांच्या खाली आहे. आपले गावही कोणाच्या तरी खाली आणि कोणाच्या तरी वर आहे. वरच्या गावाने घाण सोडली की आपण संतापतो, निवेदने देतो, आणि त्याच वेळी आपला नाला खाली वाहत असतो. वरच्याकडून आपली जी अपेक्षा असते, तीच आपण खालच्यासाठी पाळली, तर या प्रश्नातला नैतिक गुंता जवळजवळ सुटतो.

तीन सबबी

तरीही मन काही सबबी पुढे करते. त्या प्रामाणिकपणे तपासून पाहाव्यात.

पहिली सबब श्रद्धेची आहे. नदी माता आहे, ती सर्वांना पावन करते, तिला कोण मलिन करणार? या म्हणण्यात पावित्र्य आणि स्वच्छता या दोन गोष्टींची गल्लत होते. नदीचे पावित्र्य आपल्या भावनेत आहे, ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही, हे मान्य करू. पण नदीतला मासा भावनेवर जगत नाही, त्याला प्राणवायू लागतो. काठावरच्या मुलाला कावीळ होते, ती आपल्या श्रद्धेने टळत नाही. शिवाय आपल्या जुन्या आचारग्रंथांनी पाण्यात मलमूत्र टाकण्यास मनाई केलेली आहे. नदी घाण होऊच शकत नाही असे पूर्वजांना वाटले असते, तर त्यांनी हा नियम कशाला केला असता? आई सहन करते म्हणून तिला त्रास द्यायचा, याला कोणी मातृभक्ती म्हणणार नाही.

दुसरी सबब कर्तव्याच्या वाटणीची आहे. आम्ही घरपट्टी भरतो, सांडपाणी हे नगरपरिषदेचे काम आहे. हे अगदी बरोबर आहे. 1974 चा जलप्रदूषण कायदा आहे, राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे नगरपालिकांच्या कामांत नोंदले आहे. सेवेच्या नावाखाली सरकारला मोकळे सोडणे हीसुद्धा चूकच ठरेल. परंतु नगरपरिषद म्हणजे शेवटी कोण? रस्ता, सभागृह, कमान यांसाठी आपण नगरसेवकाकडे जातो. मैलापाण्याच्या केंद्रासाठी किती जण गेले? जे आपण मागत नाही, ते होत नाही. काम सरकारचे असले तरी ते मागण्याचे काम आपलेच आहे.

तिसरी सबब सर्वांत सूक्ष्म आहे. माझ्या एका बादलीने काय होणार? हिशेबाने पाहिले तर एका घराने नदी मरत नाही आणि एका घराने ती जगतही नाही. पण कर्माचा विचार असा बेरीज-वजाबाकीने करायचा नसतो. एकवीस लाख लिटर मैलापाणी कोणा एकाने सोडलेले नसते, ते फक्त बादल्यांचेच बनलेले असते. माझा वाटा लहान आहे म्हणून तो माझा नाही, असे म्हणता येत नाही.

'खालचा' या शब्दाचे दोन अर्थ

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. मराठीत 'खालचा' म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाचा, आणि 'खालचा' म्हणजे हलका मानलेला. हे दोन अर्थ आपल्या खेड्यांत एकमेकांना चिकटलेले होते. नदीवर वरचा पाणवठा वरच्या मानलेल्या जातींचा असे, आणि ज्यांना अस्पृश्य मानले त्यांनी खालच्या अंगाला पाणी भरायचे, अशी रीत अनेक गावांत होती. वरच्यांनी धुतलेले, बुडवलेले पाणी खालच्यांनी प्यायचे. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचा हक्क बजावला, तो या अपमानाच्या विरोधात होता.

आज पाणवठ्यावर जात कोणी उघडपणे विचारत नाही. पण घाण नजरेआड ढकलायची आणि ती निस्तरायला दुसरा कोणी तरी आहे असे धरून चालायचे, ही सवय गेलेली नाही. तुंबलेल्या गटारात माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी माणसे उतरवली जातात आणि विषारी वायूने मरतात. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली, यावरूनच हे मृत्यू थांबलेले नाहीत हे दिसते. नदीच्या खालचा आणि समाजात खालचा मानलेला, या दोघांवर आपण एकच ओझे टाकतो. सर्वांभूती एकच चैतन्य आहे असे आपण सत्संगात म्हणतो. त्या म्हणण्याची परीक्षा ध्यानाच्या आसनावर होत नाही, ती गटाराच्या झाकणापाशी होते.

संत गाडगेबाबा हे जाणत होते. ज्या गावात कीर्तन करायचे, ते गाव ते आधी हातात खराटा घेऊन झाडून काढीत. त्यांच्या दृष्टीने झाडणे ही कीर्तनाची पूर्वतयारी नव्हती, तो कीर्तनाचाच भाग होता.

नित्य आणि नैमित्तिक

काली बेईंची गोष्ट सुखान्त म्हणून सांगितली तर ती अपुरी राहील. कारसेवेनंतरही त्या नदीत मैलापाणी शिरण्याचे आणि मासे मरण्याचे प्रकार घडले आहेत. एका बाजूने स्वच्छ करावे आणि दुसऱ्या बाजूने एखादा नाला पुन्हा फुटावा, असे होत राहते. यावरून काम व्यर्थ गेले असे कोणी म्हणू नये. काम रोजचे आहे, एवढेच त्यातून कळते.

आपल्या शास्त्रांत नित्य आणि नैमित्तिक असे कर्माचे दोन प्रकार सांगितले आहेत. नदीकाठची स्वच्छता मोहीम, दीपोत्सव, आरती ही नैमित्तिक कर्मे आहेत. त्यांना फुले असतात, छायाचित्रे असतात. मैलापाणी शुद्ध करणे हे नित्यकर्म आहे. पंप रोज चालावा लागतो, विजेचे बिल भरावे लागते, तळाचा गाळ वेळेवर काढावा लागतो, तिथल्या कामगाराचा पगार थकता कामा नये. केंद्राचे उद्घाटन नैमित्तिक असते आणि केंद्र चालवणे नित्य असते.

आपला देश कुठे कमी पडतो ते आकड्यांतून दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज सुमारे 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता 31,841 दशलक्ष लिटरांची, आणि प्रत्यक्षात शुद्ध होते ते 20,236 दशलक्ष लिटर. म्हणजे बांधलेल्या केंद्रांतलीही बरीच क्षमता पडून आहे. 2022 च्या अहवालात देशातील नद्यांचे 311 पट्टे प्रदूषित आढळले. त्यांत सर्वाधिक, 55, महाराष्ट्रात होते. ज्या भूमीत वाऱ्या नदीकाठी जातात, तिथला हा आकडा आहे.

आपण काय करू शकतो

प्रत्येकाला सीचेवाल यांच्यासारखे नदीत उतरता येणार नाही. पण काही गोष्टी आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारख्या आहेत.

आपल्या घराचे मैलापाणी कुठे जाते ते शोधून काढावे. सेप्टिक टँक असेल तर त्यातून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते, ते उघड्या नाल्याऐवजी शोषखड्ड्यात जावे. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर जाणकाराला विचारून जागा ठरवावी. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी, आणि उपसणारी गाडी तो मैला कुठे रिकामा करते हे विचारायला संकोच करू नये. पैसे देऊन घाण दुसऱ्याच्या शेताजवळच्या ओढ्यात टाकली जात असेल, तर ते आपल्याच नावावर जमा होते. माणूस टाकीत उतरत असेल तर काम तिथेच थांबवावे. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये, निर्माल्य नदीत सोडू नये.

गावातल्या साधकांनी मिळून नगरपरिषदेला तीन प्रश्न विचारावेत. गावात रोज किती मैलापाणी तयार होते? त्यातले किती शुद्ध होते? शुद्ध न झालेले कुठे सोडले जाते? ही माहिती मिळवण्याचा नागरिकांना अधिकार आहे. भांडणाच्या सुरात विचारण्याची गरज नाही. दर तीन महिन्यांनी शांतपणे, न चुकता विचारत राहिले तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि एकदा, सर्वांनी मिळून, आपल्या नाल्याच्या कडेकडेने खालच्या अंगाला चालत जावे. जिथे तो नदीला मिळतो तिथून पुढे पहिले गाव लागेपर्यंत जावे. त्या गावच्या लोकांना भेटावे, त्यांच्या विहिरीचे पाणी कसे आहे ते विचारावे, आम्ही वरच्या गावचे आहोत असे सांगावे. कदाचित ते रागावतील. ऐकून घ्यावे. त्यानंतर मोरीत पाणी ओतताना ते कोणाकडे जाते हे आपल्याला माहीत असेल, आणि ज्याचा चेहरा आपण पाहिला आहे त्याच्या दारी घाण सोडणे मनाला सहजासहजी जमणार नाही.